त्यो आमचा न्हाई

माळेवाडी, विट्याजवळ
१५ ऑगस्ट २०२५

दादा,

दादासोभाऊला नेमकं काय झालं होतं ते काल कळलं. मिरजेच्या ज्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचे दोन महिने त्याच्यावर उपचार केले, त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. पोटात वारं धरलं नव्हतं, कुणी काही खायला घातलं नव्हतं, आणि आजोबांच्या नांगराखाली आलेल्या नागिणीचाही संबंध नव्हता. मी म्हटलं, भाऊ एक्केचाळीस वर्षांचा होता, हे म्हाताऱ्यांचं दुखणं ना? त्या म्हणाल्या, आम्हीही तसंच शिकलो होतो. आता तिशी-चाळिशीतली माणसं येतात, आणि तरुण असतात म्हणूनच उशिरा येतात. रक्त पडलं की मूळव्याध समजून वर्ष काढतात. भाऊनं दीड वर्ष काढलं.

अंत्यविधीला तुला पाहिलं. लिंबाखाली, बाहेरून आलेल्या माणसांत उभा होतास. सगळ्या भावकीनं डोकी केली आणि तुझे केस तसेच. आईनं तुझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. तुला वाईट वाटलं असेल. पण ती तुझ्याकडं बघत नव्हती, तुझ्या मागं कोण उभं आहे ते बघत होती. हे मला आता कळतंय.

पत्राचं कारण वेगळंच आहे. डॉक्टरीणबाईंनी घरातली माणसं विचारली. आजोबा पोटानं गेले. चुलते एकोणचाळिसाव्या वर्षी, आपले वडील चव्वेचाळिसाव्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हे तुमच्या रक्तात उतरत आलंय. पाठच्या सगळ्या भावंडांची दुर्बिणीनं तपासणी व्हायला हवी, काही होत नसलं तरी. आतड्यात आधी मांसाचा बारीक कोंब फुटतो, तो तेव्हाच सापडला तर तिथंच काढून टाकता येतो, त्याचा कॅन्सर होऊच द्यायचा नाही. मग विचारलं, भावंडं किती?

मी म्हटलं, दोघंच. दादासो आणि मी.

दादा, मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं, श्वासासारखं. तासगाव मागं पडल्यावर एसटीत लक्षात आलं.

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा सरळ लिहिते, कारण आपल्या घरात ते कुणी सरळ बोललेलं नाही. तू जन्मलास त्याच आठवड्यात चुलते गेले. भाऊनंतरचा एक मुलगा आधीच पाळण्यात गेला होता. आपल्या रानात तेव्हा धोंडुबाईची मेंढरं खतासाठी बसवली होती. आईनं तुझं बारसं होऊ दिलं नाही. तुला धोंडुबाईच्या ओटीत टाकलं, तिच्याकडून सुपभर बाजरी घेतली आणि चौघांत सांगितलं, पोरगा विकला. शाळेत तुझ्या नावापुढं धोंडुबाईच्या नवऱ्याचं, ज्ञानूचं नाव लागलं. तेव्हापासून आपल्या घरात तुला भाऊ म्हणायचं नाही, तुझं नाव घ्यायचं नाही. बोललेलं ऐकू जातं, लिहिलेलं जात नाही, म्हणून आपण लहानपणापासून कागदावरच बहीणभाऊ. मागं मोबाईलनं तुझा मेसेज बायकी आवाजात मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा आई तीन दिवस जेवली नव्हती. म्हणून पुन्हा कागद.

आता आईचं सांगते. भाऊ गेल्यापासून ती तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसते, समोरच्या उसाकडं तोंड करून. मला वाटलं, जप करते. काल मिरजेहून आले, चप्पल काढताना ऐकलं. ती हळू आवाजात, एखाद्या दारात आलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणत होती, "न्हाई. त्यो आमचा न्हाई. इकलाय त्येला." थांबली, जणू समोरून कुणी काही विचारलं. मग म्हणाली, "म्हाईत न्हाई. त्येच्या घरला जाऊन इचार."

समोर कुणी नव्हतं. वाराही नव्हता, पण उसाचा पाला वाजत होता.

तू तपासून घे. कराडात सोय आहे.

तुझी
संयोगिता

———

कराड
२३ ऑगस्ट २०२५

संयू,

आशीर्वाद. पत्र विट्याच्या कंडक्टरनं दुकानात आणून दिलं. शेजारच्या सराफानं विचारलं, आजकाल पत्र कुणाला येतं गड्या, कोर्टाचं हाय का बाईचं? म्हटलं, दोन्हीचं मिळून.

दादासो गेला त्याचं मला काय वाटलं ते लिहीत नाही. लिंबाखाली उभं राहायची सवय मला लहानपणापासून आहे. त्याच्या लग्नातही मी वाढप्यांच्या पंगतीत होतो. तो मात्र पत्रावळ घेऊन माझ्याजवळ येऊन बसला होता, आणि अंबूकाकूनं त्याला हाक मारून उठवलं होतं.

अंबूकाकूच म्हणतो. तू तिला आई म्हणतेस ते वाचताना मला अजून अडखळायला होतं.

तपासणीचं म्हणशील तर माझं डोकं सरळ चालतं. मी ज्ञानूचा. आधारवर, शाळेच्या दाखल्यावर, दुकानाच्या परवान्यावर तेच नाव. ज्ञानूचा बाप नव्वदीत मेंढरांमागं चालत होता. धोंडुबाई आई ऐंशीला आली, अजून सुपारी दातानं फोडते. मला कशाला कोण शोधतंय?

थोडा उष्णतेचा त्रास आहे, तो या धंद्यात सगळ्यांना असतो. सोनं गाळायचं म्हणजे दिवसभर भट्टी आणि तेजाबाचा वास. होळीपासून जरा रक्त पडतं, मूळव्याध आहे. त्यावर तांब्याची अंगठी घालतात ती मी माझ्या हातानं ओतली. गिऱ्हाइकांनाही करून दिल्या, त्यांना गुण आला. माझी अलीकडं ढिली होते, आतून दोरा गुंडाळलाय. ताक पितो. तू काळजी करू नकोस.

एक गंमत सांगतो. सोमवारी दुपारी दुकानात एकटा होतो. रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "अर्जुना." पुन्हा मारली, जवळून, ओळखीच्या माणसाला मारावी तशी. आणि संयू, मी "ओ" म्हणायला तोंड उघडलं. माझं नाव नाथाजी, मी कशाला ओ देईन? बाहेर आलो तर ऊन नुसतं. मागनं आठवलं, झाडपाल्याची औषधं विकणारा एक फिरतो, अर्जुनाची साल ओरडत जातो. तोच असणार. पण ओ माझ्या तोंडात आली कशी, ते कळलं नाही.

अंबूकाकूला संध्याकाळी उंबऱ्यात बसू देऊ नकोस. म्हातारपणी वारं लागतं.

नाथाजी

———

माळेवाडी
१४ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र वाचलं आणि मागच्या दारी जाऊन बसले.

अर्जुना हे तुझं नाव आहे. धोंडुबाईच्या ओटीत टाकण्याआधी आईनं तुझ्या कानात एकदाच सांगितलेलं. माझ्या मुलीच्या बाळंतपणात मी तापात असताना ती हे माझ्याजवळ बसून बोलली. पुन्हा कधी नाही. दादासोभाऊला माहीत नव्हतं. धोंडुबाईलाही नाही. ते नाव आई आणि मी सोडून तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही. असेल तो झाडपाल्यावालाच. तू आता ते ओरडणं लक्ष देऊन ऐक आणि मला कळव, तो "अर्जुनाची साल" म्हणतो की नुसतं नाव.

आईला मी सांगितलं नाही.

माझी तपासणी झाली. तुला भीती वाटू नये म्हणून सगळं लिहिते. आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं, पेज गाळून, नारळपाणी. संध्याकाळी पावडर पाण्यात घालून पितात, खारट लागते, आणि मग रात्रभर पोट धुऊन निघतं. कंटाळवाणं तेच. सकाळी हातात सुई देतात, झोप लागते. जाग आली तेव्हा मी नर्सला विचारलं, कधी सुरू करणार? ती हसली, म्हणाली, झालं की.

दोन कोंब निघाले. एक हरभऱ्याएवढा, एक त्याहून लहान. तिथल्या तिथं काढले, तपासायला पाठवले. कॅन्सर नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठा होता तो झाला असता. तुमच्या घरात ते लवकर वाढतात. मी तेहतीस वर्षांची आहे. मला एक दिवस पोट दुखलेलं नाही, एक थेंब रक्त गेलेलं नाही. दादा, ते माझ्यात बसलं होतं आणि मी पोळ्या लाटत होते. आता दर वर्षी जायचं. रक्ताची एक तपासणीही सांगितली आहे, त्यातून घरात कोणाकडं हे उतरलंय ते कळतं.

मी या वेळी त्यांना खरं सांगितलं. म्हटलं, एक भाऊ आहे, सदतीस वर्षांचा, कागदावर दुसऱ्यांचा. त्या हसून म्हणाल्या, आतड्याला कागद वाचता येत नाही. मग तुझ्या होळीपासूनच्या रक्ताचं सांगितलं, तर हसणं थांबलं. म्हणाल्या, त्यांना याच आठवड्यात पाठवा.

आणि अंगठीचं. अंगठी ढिली होत नाही दादा, बोट बारीक होतं. तू वजन केलंस का? सोनं घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून कस ठरवतोस का तू?

आईशी बोलले. तुझं नाव न घेता म्हटलं, जो विकला त्यालाही दाखवायला हवं. ती तांदूळ निवडत होती, तिनं सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "दवाखान्यात बापाचं नाव इचारत्यात. त्यानं खरं सांगितलं की संपलं. इतकी वरसं मी काय उगंच तोंड दाबून बसली?" मी विचारलं, कोण ऐकेल आई? तिनं सूप बाजूला केलं. "दादासोचं नाव म्या मोठ्यानं ठिवलं हुतं," एवढंच म्हणाली.

लवकर जा. गेलास की लिही.

संयोगिता

———

कराड
२८ सप्टेंबर २०२५

संयू,

गेलो बाई. तुझ्या धाकानं गेलो. इथंच एका डॉक्टरकडं, पेठेतल्या. भला माणूस आहे. त्यानं वय विचारलं, धंदा विचारला, तपासलं. म्हणाला, मूळव्याध दिसतेय. मलम दिलं, गोळ्या दिल्या, तिखट बंद. पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही तर परत या, मग पुढचं बघू.

घरात कुणाला असलं काही होतं का, हेही विचारलं. मी म्हटलं, नाही. आमच्या घरात सगळी नव्वदीला जातात.

तर झालं. आता तू निवांत राहा. तुझे कोंब निघाले ते वाचून मात्र दुकान लवकर बंद केलं. तुला काही झालं असतं तर मी कुठल्या झाडाखाली उभा राहिलो असतो, हा विचार आला.

झाडपाल्यावाल्याला गाठलं. म्हटलं, तू अर्जुनाची साल विकतोस ना? तो म्हणाला, विकतो, पण या रस्त्याला मी श्रावणात आलोच नाही, गुडघा धरला होता. खोटं बोलत असेल. ही माणसं कुठं कधी गेली ते त्यांनाही आठवत नाही.

हाक पुन्हा आली नाही. एकदाच, तीही झोपेत. लहानपणीचा वाडा दिसला, मेंढरांचा. ज्ञानूबाबा मोजत होता आणि एक कोकरू जास्त भरत होतं. तो पुन्हा पुन्हा मोजायचा. प्रत्येक वेळी माझ्या डोक्यावर हात आला की थांबायचा.

पितरं झाली. दादासोच्या नावानं मी नदीवर पाणी सोडलं. अधिकार नाही, पण तिथं विचारायला कुणी नव्हतं.

नाथाजी

———

माळेवाडी
५ ऑक्टोबर २०२५

दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. सगळं ठीक आहे असं तू लिहिलंस आणि माझ्या अंगावर काटा आला.

आई उंबऱ्यात बसून जे सांगते, तेच तू त्या डॉक्टरला सांगितलंस. शब्दसुद्धा तेच. त्यो आमचा न्हाई, मी त्यांचा न्हाई. ती सदतीस वर्षं मरणाला फसवतेय आणि तू एका दुपारी डॉक्टरला फसवून आलास. मरणाला पटलं की नाही, मला ठाऊक नाही. डॉक्टरला पटलं.

त्या माणसाची काय चूक? समोर सदतीस वर्षांचा गडी, घरात कुणाला काही नाही. तू त्याला अंगठीचं सांगितलंस? वजनाचं? मला खात्री आहे, नाही सांगितलंस.

आता दुसरं. आई आठ-दहा दिवस उंबऱ्यात बसून नुसती ऐकते, बोलत नाही. मला आधी बरं वाटलं. काल दिवेलागणीला मी तिच्या शेजारी टेकले. विचारलं, आज सांगत नाहीस काही? ती म्हणाली, "इचारायचं थांबलाय त्यो."

मी म्हटलं, मग चांगलंच की.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी अजून परकर घालून हिंडते. "ज्याला ठावं न्हाई, त्यो इचारतो," म्हणाली.

ऊस पुरुषभर उंच झालाय. त्यात कोण आहे, कोण नाही, दिसत नाही. मी शिकलेली बाई आहे दादा, माझ्याच पोटातले दोन कोंब मी बाटलीत तरंगताना पाहिलेत, मला ठाऊक आहे आपल्या घरात काय हिंडतंय ते. तरी मी दार लावून घेतलं.

ही पंधरवड्याची मुदत संपली की पुन्हा जा. आणि या वेळी तू कुणाचा ते सांग.

संयोगिता

———

कराड
३ नोव्हेंबर २०२५

संयू,

बरेच दिवस लिहिलं नाही. रागावलो होतो. तुझ्यावर नाही, कुणावर ते मलाही सांगता येत नाही.

मलम संपलं, रक्त थांबलं नाही. दिवाळीत धंदा जोरात होता, तो सोडून कुठं जाऊ, असं स्वतःला सांगितलं. भाऊबीजेला तुझं पाकीट आलं. ओवाळणी म्हणून तू कुंकवाचं बोट कागदावर उमटवून पाठवतेस ना दर वर्षी, ते कपाळाला लावून भट्टीपुढं बसलो आणि उठताना डोळ्यांपुढं अंधार आला. दुकानातल्या काट्यावर सोनं चढतं, माणूस नाही. म्हणून धान्याच्या वखारीत जाऊन उभा राहिलो. गेल्या उन्हाळ्यापेक्षा अकरा किलो कमी.

मग मी डॉक्टरकडं नाही, धोंडुबाई आईकडं गेलो. तुझी सगळी पत्रं घेऊन गेलो आणि तिला वाचून दाखवली. होय, मोठ्यानं वाचली. तिच्या घरात बंदी नाही.

ती ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, तुला आठवतं का, कोकरू मेलं की बाबा काय करायचा? मला आठवत होतं. मेंढीचं कोकरू मेलं की ज्ञानूबाबा त्याचं कातडं सोलून दुसऱ्या, आई मेलेल्या कोकराच्या अंगावर बांधायचा. मेंढी हुंगायची, आपलंच समजायची, दूध द्यायची. आठ-दहा दिवसांनी कातडं काढून टाकलं तरी चालायचं.

धोंडुबाई आई म्हणाली, "मेंढी फसती, लेकरा. लांडगा फसत न्हाई. त्येला कातडं न्हाई लागत, त्येला आतलं लागतं. तुला दूध माझं हाय. रगत अंबूचं हाय. जा, आन सांग त्या डॉक्टरला."

मी म्हटलं, मग मी तुझा नाही का? ती म्हणाली, "येडा हायस का रं. दोघींचा एक असतोस का न्हाई?" आणि सुपारी फोडून अर्धी मला दिली, जसं मला पथ्य आहे हे तिला ठाऊकच नाही.

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या त्याच डॉक्टरकडं गेलो. म्हटलं, मागं चुकीचं सांगितलं. माझा सख्खा भाऊ ऑगस्टमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेला, एक्केचाळीस वर्षांचा. बाप चव्वेचाळीसचा, चुलता एकोणचाळीसचा, आजाही पोटानंच. बहिणीचे कोंब काढलेत. होळीपासून रक्त आहे, अकरा किलो उतरलोय, आणि शौचाला दोरीसारखं बारीक होतंय, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाही नाही.

तो म्हणाला, वजनाचं आणि शौचाचं तेव्हा सांगितलं असतंत तर तेवढ्यावरच मी पाठवलं असतं, घरातलं कुणी असो वा नसो. पोटाच्या डॉक्टरला त्यानं माझ्यासमोर फोन लावला. मंगळवारी, ११ तारखेला सकाळी आठ वाजता दुर्बिणीची तपासणी आहे, इथंच कराडात. सोबत रक्ताचं माणूस आणा म्हणाले.

संयू, इतकी वर्षं माझ्याकडं ते नव्हतं. तू ये.

एक सांगायचं राहिलं. डॉक्टरसमोर मी "माझा बाप" म्हणालो ना, त्या वेळी खोलीतला पंखा बंद पडला. वीज गेली होती, सगळ्या पेठेतली. मला ठाऊक आहे. तरी मी मागं वळून पाहिलं.

नाथाजी

———

माळेवाडी
१० नोव्हेंबर २०२५

दादा,

हे पत्र सकाळच्या गाडीनं कंडक्टरकडं देते आहे, म्हणजे दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. उद्या आपण भेटणारच आहोत, पण त्याआधी तुला काही ठाऊक असायला हवं, नाहीतर घाबरशील.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. मोठ्यानं, त्याच घरात, तिन्हीसांजेला, उंबऱ्यात बसून. तिनं पहिल्या ओळीला माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो बाजूला धरून वाचत राहिले. अकरा किलोपाशी आले तेव्हा तिनं हात खाली घेतला. मेंढीच्या कातड्याचं आलं तेव्हा ती रडली, भाऊ गेल्यावरही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

नंतर तिनं समोर पाहिलं. ऊस गेल्या आठवड्यात तुटून गेला. टोळी आली, दोन दिवसांत फड मोकळा झाला. आता घरापासून ओढ्यापर्यंत नुसता पाचोळा, मधे लपायला काही नाही. तरी आई एका ठिकाणी बघत होती, बांधापाशी. आणि दादा, पाचोळा तिथंच तेवढा वाजत होता. घोरपड असेल, उंदीर असतील, तोडणीनंतर फार होतात.

आई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला, पाहुण्याशी बोलताना करतात तसा. आणि सदतीस वर्षं जे बोलली नव्हती ते बोलली.

"माझा हाय त्यो," म्हणाली. "अर्जुना नाव हाय त्येचं. माझ्या पोटचा."

पाचोळा थांबला. काहीच झालं नाही. ओढ्याकडं एक टिटवी ओरडली आणि शेजारच्या वस्तीवर कुणीतरी टीव्ही लावला.

आई आत आली, भाकरी टाकल्या, आणि म्हणाली, "मंगळवारी म्या बी येणार." मी म्हटलं, रक्ताचं माणूस मी आहेच. ती म्हणाली, "तू भन हायस. त्येनी ईचारलं, कोन लागती, तर सांगायला आई नगं का?" ट्रंकेतून लुगडं काढून ठेवलंय. धोंडुबाईलाही निरोप धाडलाय, ती आटपाडीच्या गाडीनं परस्पर येईल. तुझ्या दोन्ही आया एका बाकावर बसणार आहेत. आईनं मला विचारलं, धोंडीला बसायला मी जागा धरू, का ती मला धरंल? हे तुला सोडवायचं आहे.

डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, काय निघेल ते आज कुणीच सांगू शकत नाही. कोंब असतील तर उद्याच काढतील. गाठ असेल तर तुकडा तपासायला जाईल, आठवड्यात कळेल, आणि मग ऑपरेशन. लवकरच्या टप्प्यात सापडलं तर माणसं वाचतात, पुढं पंचवीस वर्षं धंदा करतात. त्या गोड बोलणाऱ्यातल्या नाहीत, म्हणून लिहिते. दादासोभाऊच्या दोन्ही मुलांचीही रक्ततपासणी करायची आहे, ती तुझ्यानंतर.

आज फक्त पातळ. पेज गाळून घे. संध्याकाळी पावडर, सगळी प्यायची, चव लागली तरी. अंगठी काढून ठेव, तिथं धातू चालत नाही. आणि पुन्हा घालू नकोस.

आम्ही पहाटेच्या एसटीनं निघतोय. आठच्या आत पोचू. तुझं नाव तिथं कागदाप्रमाणं नाथाजी ज्ञानू असंच पुकारतील. पण आईनं एक ठरवलंय, आणि तेच सांगायला हे पत्र. दार उघडून तुला आत बोलावलं की ती बाकावरून तुला हाक मारणार आहे. अर्जुना म्हणून. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

तिची एकच अट आहे, ती तिच्याच शब्दांत लिहिते. "हाक मारल्याबरुबर त्येनं ओ द्यायची. इच्यार करत बसायचं न्हाई. त्येच्या आदी दुसऱ्या कुनी ओ द्यायला नगं."

तुझी बहीण
संयोगिता